गौराक्कांची दहा मिनिटं

“हात काळं हायत! आलो, आलो की!”

शाहूपुरीतल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमधून ही आरोळी दिवसातून एकदा तरी वर जायची. आवाज असा की तीन मजल्यांना पुरून उरावा. आधी पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून सायकलची घंटी वाजायची. मग खाली कुणाच्या तरी सायकलीपुढे फतकल मारून बसलेल्या गौराक्का मानही वर न करता उत्तर द्यायच्या आणि पुन्हा चेनमध्ये डोकं घालायच्या. मी नाशिककडची. बँकेच्या बदलीनं कोल्हापुरात आलेली. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, खाली एक पुरुष आहे आणि एक बाई आहे. इथल्या बायका स्वतःबद्दल ‘आलो’, ‘गेलो’ असंच बोलतात, हे कळायला मला थोडे दिवस लागले.

आमची ओळख झाली ती माझ्या फजितीतून. चाळिशी ओलांडल्यावर डॉक्टरांनी वजनाकडे बोट दाखवलं, म्हणून मी सहा गिअरची एक सायकल घेतली होती. मधला दांडा खाली असलेली, बायकांची. महिन्याभरात चेन कुरकुरायला लागली. एका रविवारी सकाळी मी तेलाची बाटली आणली आणि चेनवर धार धरली. जितकं तेल जास्त तितकं बरं, असा माझा साधा हिशेब. फरशीवर थारोळं झालं तरी मी थांबेना. मागून आवाज आला.

“म्याडम, चेनला आंघोळ घालाय लागलाय काय?”

वळून बघते तर साठीच्या आतबाहेरची एक काटक बाई. इरकली लुगडं, कपाळाला विभूतीचे पट्टे, पदर खोचलेला. माझ्या हातातली बाटली त्यांनी काढूनच घेतली. “तेल आत पाहिजे, वर न्हाय. वरचं तेल धूळ खातंय. चार दिसांत चिखल हुतोय बगा. सरका.” मी सरकले. त्यानंतर तीन वर्षं माझ्या सायकलीच्या बाबतीत मी सरकलेलीच राहिले.

त्यांचं काम बघत बसावं असं असायचं. पूर्वी रॉकेल वापरत, आता ते मिळत नाही म्हणून डिझेल. एका टवका उडालेल्या वाटीत. जुना दातांचा ब्रश डिझेलमध्ये बुडवून कडी न् कडी घासायची. मग पांढऱ्या बनियनच्या चिंधीनं चेन चिमटीत धरून पायडल उलटं फिरवायचं, चिंधी कोरडी निघेपर्यंत. त्यानंतर शिलाई मशीनच्या तेलाची चोचीची बाटली. चेनचं लॉक, म्हणजे जोडाची कडी, जिथं असेल तिथून सुरुवात करायची आणि प्रत्येक कडीच्या पोटात एकच थेंब. हे करताना त्या मोजायच्या, कन्नडमध्ये. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. शंभराच्या वर कड्या असतात. मध्येच घंटी वाजली आणि मोजणी चुकली की चेन पुसून पुन्हा लॉकपासून सुरुवात. मी एकदा म्हटलं, अक्का, एखादी कडी राहिली तर काय बिघडतं? माझ्याकडे त्यांनी असं बघितलं की मी बँकेत नोकरी कशी करते याचीच त्यांना शंका यावी. “राहिलेली कडीच बोलती, म्याडम. बाकीच्या गप बसत्यात.”

सगळं झालं की दहा मिनिटं काहीही करायचं नाही. तेल आत मुरायला द्यायचं. हात गुडघ्यांवर उताणे ठेवून, भिंतीला टेकून त्या बसून राहायच्या, गेटाबाहेरच्या रस्त्याकडे बघत. मग वरचं जास्तीचं तेल चिंधीनं टिपून घ्यायचं आणि सायकल तयार. ती दहा मिनिटं म्हणजे कामाचाच भाग, असं मी बरेच दिवस समजत होते.

हे सगळं त्या शिकल्या माहेरी. निपाणीच्या पलीकडचं गाव, अप्पांचं भाड्यानं सायकली द्यायचं दुकान, घरात चारी मुलीच. “अव्वा म्हणायची, पोरींचं हात बगून कोण करंल लगीन? अप्पा म्हणायचं, लिंबू लाव.” लग्न झालं ते मात्र कापडवाल्याशी. अण्णांचं धोतरं, लुगडी, मलमल असं पांढऱ्या मालाचं दुकान होतं. गिऱ्हाईक गठ्ठ्याला हात लावायला गेलं की अण्णा आधी म्हणायचे, “पावणं, हात बगू.” हात स्वच्छ असेल तरच कापड उलगडायचं. अशा घरात गौराक्कांनी सायकलीला हात लावायचं कारणच नव्हतं. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी लावलाही नाही.

मग अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, जिभेला जडपणा आला, डावा हात तेवढा राहिला. दुकान पुतण्याकडे गेलं. मुलगा बेंगळुरात, तो दर रविवारी फोनच्या पडद्यावर येऊन “अप्पा, जेवलास काय?” विचारायचा. दोन वेळा माणूस ठेवून बघितला. अण्णांनी एकाला ताट फेकून मारलं आणि दुसऱ्याला नुसतं बघून पळवलं. त्यांना गौराक्काच लागत. दवाखान्याच्या पद्धतीचा लोखंडी पलंग आणला, त्याच्या कठड्याची नळी सायकलच्या हँडलएवढीच जाड निघाली. गौराक्कांनी कुणा पोराच्या मोडक्या सायकलची घंटी काढून तिथं स्क्रूनं आवळून बसवली, डाव्या हाताच्या अंगठ्याला येईल अशी. स्वतःच्या हातानं बसवली, हे त्या स्वतःच सांगायच्या आणि हसायच्या.

घंटी दिवसभर वाजायची. पाण्याला, माशीला, पंखा वाढवायला, पंखा कमी करायला. कित्येकदा नुसतीच, त्या आत जाऊन “काय पाहिजे?” विचारत तर अण्णा म्हणत, “कुटं हाईस बगतोय.” कुठपर्यंत घंटी ऐकू येते हे गौराक्कांना पावलागणिक ठाऊक होतं. जिन्यात येते. पार्किंगच्या तिसऱ्या खांबापर्यंत येते. गेटाशी भाजीवालीकडे गेलं आणि रस्त्यावर ट्रक नसेल तर येते. गेटाच्या बाहेर येत नाही. म्हणून त्या गेटाच्या बाहेर जात नसत. चार वर्षं. दवाखान्याची गाडी सोडली तर बाहेर पाऊल नाही. त्यांनी रंकाळा तलाव बघितला नव्हता, देवीचं देऊळ बघितलं नव्हतं, पलीकडच्या गल्लीत नवं दुकान झालेलं माझ्याकडून ऐकलं होतं. किराणा घरी यायचा. मला हे सगळं ऐकून गुदमरायला व्हायचं आणि अण्णांचा मनापासून राग यायचा. खिडकीतून घंटी वाजली की माझ्याच कपाळाला आठी पडायची.

आणि तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. इमारतीतल्या पोरांच्या सायकलींची चेन त्या दर आठवड्याला साफ करतात, परवा साफ केलेली पुन्हा आज साफ करतात, हे मी बघत होते. बिनकामाची हौस, असं मनात म्हणत होते. त्यांच्या नखांच्या कडा कायमच्या काळ्या झालेल्या, बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या. मला वाईट वाटायचं. मी जरा दुसऱ्याचं भलं करायला टपलेली बाई आहे, हे माझी आईसुद्धा सांगेल. एकदा पुण्याला गेले असताना एका मोठ्या दुकानातून मी चांगले जाड रबरी हातमोजे आणले, डिझेलला दाद न देणारे. ते घेऊन थेट त्यांच्या घरी गेले आणि अण्णांच्या पलंगापाशी उभी राहून, मोठं काहीतरी दान करावं अशा थाटात म्हणाले, “हे घ्या अक्का. आता तुमचे हात मुळीच काळे व्हायचे नाहीत.”

गौराक्कांनी मोजे उलटसुलट करून बघितले. अण्णाच बोलले, जड जिभेनं, पण खूश होऊन. “ब्येस झालं. म्हंजे बोलावलं की लगीच येशील.”

गौराक्कांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचा अर्थ लावायला मला पुढचा रविवार उजाडावा लागला. त्या मोजे घालून बसल्या. तेराव्या का चौदाव्या कडीला घंटी वाजली. त्यांनी मोजे ओढून काढले, आतून स्वच्छ हात निघाले, आणि त्या उठून वर गेल्या. खाली आल्या, बसल्या, ओंदु, एरडु. घंटी. पुन्हा वर. अर्ध्या तासात चार वेळा. चौथ्यांदा त्या जिना चढायला लागल्या तेव्हा मला कळलं की मी काय करून बसले होते. काळे हात अण्णांच्या पांढऱ्या चादरीला चालत नसत. आयुष्यभर ‘हात बगू’ म्हणणाऱ्या माणसाला त्या नियमापुढे घंटीसुद्धा थांबवावी लागायची. हात काळे असेपर्यंत ती बाई मोकळी होती. उरलेल्या दिवसात दुसरं कुठलंच निमित्त अण्णांना पटणारं नव्हतं.

त्या खाली आल्यावर मी म्हटलं, “अक्का, फेकून देऊ या हे मोजे.”

“आता कसं फेकता? मालकांला म्हायती हाय मोजे हायत म्हणून.” त्या चिंधी पिळत होत्या. मग हात थांबवून म्हणाल्या, “दहा मिंटं हुती माजी, म्याडम. कुणी दिली न्हवती. मी माजी काढलेली. तुमी न्हेली.”

रागानं म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नेहमीच्याच आवाजात बोलल्या. मी वर माझ्या घरी जाऊन रडले आणि नंतर, स्वभावाला औषध नसल्यामुळे, यावरही उपाय शोधायला लागले.

उपाय असा काढला की रविवारी सकाळी मी अण्णांजवळ बसायचं आणि गौराक्कांनी माझी सायकल घेऊन बाहेर जायचं. डॉक्टरांनी दर दोन तासांनी कूस बदलायला सांगितली होती. आठला बदलली की दहापर्यंत हरकत नव्हती. दोन रविवार त्या नाहीच म्हणाल्या. “तुमी बसला तरी त्यांना मीच लागतो.” तिसऱ्या रविवारी मी त्यांच्या पुढ्यात सायकल लावली. चेन त्यांनीच साफ केलेली, तेल मुरलेलं. म्हटलं, निदान चाक फिरतंय का नीट, ते चालवून तर बघा. त्यांनी हँडल धरलं, पार्किंगमध्येच एक गोल मारला, पाय टेकला. दुसरा गोल मारला, तो तिसऱ्या खांबापर्यंत. तिसऱ्या गोलाला वळल्याच नाहीत. पदर खोचलेला, पाठ ताठ, त्या गेटातून बाहेर पडल्या आणि दिसेनाशा झाल्या. मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. लगेच घंटी वाजली.

मी वर गेले. “अक्का तेल घालतायत,” मी म्हटलं. “हात काळे झालेत.”

अण्णांनी डोळे मिटले. पाच मिनिटांनी पुन्हा घंटी, पुन्हा माझं तेच उत्तर. तिसऱ्यांदा अण्णांनी घंटी वाजवली नाही. छताकडे बघत म्हणाले, “म्याडम, खोटं कशाला बोलताय? खालनं आवाज येईना.”

“कसला आवाज?”

“पायडल उलटं फिरीवती तवा कटकट कटकट वाजतंय न्हवं? ते वाजतंय तवर ती हाय.” जरा वेळानं विचारलं, “गेली न्हवं?”

“फेरी मारायला गेल्यात. येतील.”

“कुटं?”

“माहीत नाही,” मी म्हटलं. ते खरंच होतं.

अण्णांचा डावा हात घंटीकडे गेला. त्यांनी वाजवली, मी समोर उभी असताना वाजवली, पुन्हा वाजवली. मग हाताकडे बघितलं आणि ओशाळले. “सवयीनं जातोय त्यो. तेवढा टावेल गुंडाळा तिच्यावर.” मी कठड्यावरचा टॉवेल घंटीभोवती घट्ट गुंडाळला. ते म्हणाले, “लई वाजवतो न्हवं मी?” मी टॉवेलाची गाठ आवळली. “भ्या वाटतंय, म्याडम. ती दिसंना झाली की भ्या वाटतंय. तिला सांगू नगा.”

ज्या माणसाचा मी इतकी वर्षं रागराग केला त्याच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी उशीवर गेलं. त्यांचा हात घंटीवरच्या टॉवेलावरच होता, मी पुसलं. मग आम्ही दोघंही घड्याळाकडे बघत बसलो. नऊ वाजले. सव्वानऊ झाले. मला डोळ्यांपुढे ट्रक दिसायला लागले, महामार्गावरचे. साडेनऊला मनात आलं, ही बाई आता माहेरी जाऊनच थांबणार. आणि लाजिरवाणी गोष्ट ही की माझ्या मनातल्या एका कोपऱ्याला ते हवं होतं.

दहाला पाच मिनिटं कमी असताना जिन्यात पावलं वाजली. चेहरा लाल, केस विस्कटलेले, विभूती घामानं पुसलेली. त्यांनी हात धुतले. पलंगापाशी आल्या, घंटीवरचा टॉवेल बघितला, मग माझ्याकडे, मग अण्णांकडे. टॉवेल सोडला, घडी घालून कठड्यावर ठेवला आणि अण्णांच्या पाठीखाली हात घातला. “चला, कूस बदलायची येळ झाली.”

“कुटवर गेलतीस?” अण्णांनी विचारलं.

“कागल रस्त्याला लागलो हुतो. पाटी दिसली निपाणीची. मग फिरलो.”

“वारं हुतं?”

“हुतं की.”

“चेन?”

“उतरली न्हाय.”

मी खाली येऊन सायकलीपाशी बराच वेळ उभी राहिले. मनातल्या मनात मी तेव्हाच वर्षाचं वेळापत्रक आखलं होतं. दर रविवारी आठ ते दहा. पुढं पन्हाळा. पुढं, कुणी सांगावं, एखाद्या सणाला निपाणीच्या पलीकडचं ते गाव.

पुढच्या रविवारी किल्ली नाचवत खाली आले तर गौराक्का एका पोराच्या सायकलीपुढे बसलेल्या, उघड्या हातांनी. मी विचारलं, “मोजे कुठं गेले?”

“मालक नगं म्हणाले. रबराचा वास येतोय म्हणं खिडकीतनं.” तेवढ्यात वरून घंटी वाजली. “हात काळं हायत!” त्या ओरडल्या, आणि वर घंटी थांबली. ऐन पावसाळ्याचे दिवस, पहिल्या मजल्याची खिडकी निम्मी बंद. रबराचा वास तिथं कसा पोचला असेल ते अण्णांनाच ठाऊक.

मी किल्ली पुढे केली. “नगं,” त्या म्हणाल्या.

“का? अण्णा काही बोलले?”

“ते कशाला बोलत्यात? तेच जा म्हणत हुते.”

“मग काय झालं?”

चार कड्यांवर थेंब पडले. मग त्यांनी बाटली खाली ठेवली. स्वतःहून मोजणी अर्धवट सोडून त्यांना बाटली ठेवताना मी पहिल्यांदाच बघत होते. “म्याडम, चार वर्सं मला भाईरचं काय आठवतच न्हवतं. बरं चाललं हुतं. आता सोमवारी कुकर लावताना वारं आठवलं. मंगळवारी त्यांची कूस बदलताना आठवलं. बुधवारी मालकांवर वरडलो. कदी म्हणून वरडलो न्हवतो.” त्यांनी काळी बोटं चिंधीला पुसली, पुसून काही होत नव्हतं तरी पुसली. “दहा मिंटांत भागतंय माजं. दोन तासांत भागत न्हाय.”

मी वाद घातला, घालणारच. माणसाला मोकळी हवा लागते, तुमचाही जीव आहे, मुलानं काहीतरी सोय करायला हवी, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, “एक काम करा की. तुमची सायकल मागं पाण्याच्या टाकीच्या आडाला लावत जावा. हितनं दिसती.”

त्या दिवसापासून माझी सायकल टाकीमागं गेली. तिची चेन मीच साफ करायला लागले, डिझेलनं, ब्रशनं, एकेक कडी मोजत, मराठीत. पुढच्या बाजूला गौराक्का पोरांच्या सायकली घेऊन बसायच्या. त्यांची आरोळी मला टाकीमागं ऐकू यायची आणि मी मोजणी चुकायचे. सायकल बाहेर काढायची असली की मी मागच्या छोट्या दारानं काढायचे, चोरासारखी. आमच्या बोलण्यात कधी तिचा विषय निघाला नाही.

दीड वर्षानं माझी बदली झाली. सामान टेम्पोत चढलं. सायकल मात्र मी मुद्दाम टाकीमागंच ठेवली होती. ती गौराक्कांसाठी ठेवून जायची, असं गेला महिनाभर मनात घोळत होतं. आज नाही तर उद्या, कधीतरी त्या पुन्हा गेटाबाहेर पडतील. निरोप घ्यायला वर गेले. अण्णांनी डावा हात उचलला, मी तो हातात धरला. गौराक्कांनी माझी ओटी भरली, कपाळाला विभूती लावली आणि दारापर्यंत पोचवायला आल्या. मी चपला घालत होते. शब्द माझ्या अगदी ओठांवर आले होते.

“सायकल न्हेताय न्हवं?” त्यांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे बघितलं.

“हो,” मी म्हटलं. “नेतेय.”

“बरं झालं,” गौराक्का म्हणाल्या, आणि आत गेल्या.